जुन्या पीसीचा कूलर : प्रश्न तीन मिलिमीटरचा

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप एप्रिल-मे महिन्यात अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला किंवा त्याचा पंखा घोंगावू लागला, की दुकानात निदान दोन शब्दांत होते : 'कूलर गेलाय.' 'गेला' हे आपण बल्बबद्दल म्हणतो, बॅटरीबद्दल म्हणतो. पण प्रोसेसरवरच्या कूलरमध्ये जाण्यासारखे असते तरी काय? ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा, क्वचित त्याच्या पोटात तांब्याचा गाभा, वर एक लहानसा पंखा आणि सगळे बोर्डाला धरून ठेवणारे चार पाय. यातले ॲल्युमिनियम म्हातारे होत नाही. २०१२ साली ते जेवढी उष्णता ओढून घेत होते तेवढीच आजही घेते. झिजतो तो पंखा, सुकते ती पेस्ट, मोडतात त्या पिना आणि साचते ती धूळ. म्हणजे 'कोणता कूलर सगळ्यांत थंड ठेवतो' हा जुन्या यंत्रासाठी मूळ प्रश्नच नव्हे. नेमके काय झिजले आहे, तेवढेच बदलता येईल का, आणि पूर्ण कूलर बदलायचाच असेल तर तो या बोर्डावर, या कॅबिनेटमध्ये बसेल का, हे प्रश्न आधी येतात. नव्या कूलरांची तुलना करणारे बहुतेक लेखन हे प्रश्न सोडून थेट शर्यतीकडे वळते, आणि त्यावर विसंबून खरेदी करणारा माणूस भलतीच वस्तू घरी घेऊन येतो.

शर्यतीचे आकडे इथे निरुपयोगी का, ते आधी पाहू. आजचे कूलर तपासले जातात ते आजच्या प्रोसेसरांवर. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेल कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो वीज २४१ वॅट आहे. आपल्याकडे घराघरांत, क्लासेसमध्ये, सीएंच्या कार्यालयांत अजून चालू असलेल्या जुन्या यंत्रांत कोअर २ ड्युओ असतो ६५ वॅटचा, आय३-२१०० तोही ६५ चा, आय५-२४०० असतो ९५ चा, आय५-३४७० असतो ७७ चा. अडीचशे वॅटच्या कसोटीत दोन कूलरांमध्ये दिसणारा आठ-दहा अंशांचा फरक ६५ वॅटवर दोन-तीन अंशांचा उरतो, आणि तेवढ्याने जुन्या यंत्राच्या आयुष्यात काही घडत नाही. शिवाय खोक्यावर ठसठशीत छापलेला '१५० वॅट', '२०० वॅट' हा आकडा कोणत्याही सर्वमान्य मानकाने मोजलेला नसतो. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने तो ठरवते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने तर वॅटचा आकडा देणेच टाळून स्वतःची वेगळी तुलनात्मक गुणपट्टी वापरायला घेतली आहे. वॅटचा आकडा किती सैल असतो, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हणायची.

गरज मोजण्याचा साधा मार्ग मात्र उपलब्ध आहे आणि तो जुन्या प्रोसेसरांसाठी फार चांगला चालतो, कारण इंटेल त्या काळी प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचे कमाल तापमान जाहीर करत असे. कोअर २ ड्युओ ई८४०० साठी ते ७२.४ अंश सेल्सिअस आहे. कॅबिनेटमधली हवा ४० अंश धरली तर ३२.४ अंशांची मोकळीक उरते. ६५ ने भागले की उत्तर येते जेमतेम ०.५, म्हणजे दर वॅटमागे अर्धा अंश. इतके काम खोक्यात फुकट मिळालेला गोल कूलरही करतो. आय५-२४०० साठी ७२.६ अंश आणि ९५ वॅट धरून तोच हिशेब ०.३४ वर येतो. इथे तांब्याच्या गाभ्याचा उंच गोल कूलर पुरतो, सपाट ॲल्युमिनियमचा बुटका अपुरा पडू लागतो. आणि मग येतो कोअर २ क्वाड क्यू६६००, ज्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. एकाच नावाने तो दोन आवृत्त्यांत विकला गेला. पहिली बी३, जिच्या झाकणावर एसएल९यूएम असे कोरलेले असते : १०५ वॅट आणि कमाल अवघे ६२.२ अंश. दुसरी जी०, खूण एसएलएसीआर : ९५ वॅट आणि ७१ अंश. हिशेब मांडला तर जी० ला ०.३३ चालते, बी३ ला मात्र ०.२१ लागते, आणि ते चार उष्णतानळ्या व १२० मिलिमीटरचा पंखा असलेल्या उभ्या टॉवर कूलरचे काम आहे. तेव्हा 'क्यू६६०० ला कोणता कूलर घेऊ' या प्रश्नाचे उत्तर पेस्ट पुसून झाकणावरची अक्षरे वाचेपर्यंत देताच येत नाही.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्या हवामानाचा आहे. चाळीस अंशांचे गृहीतक कोणी ठरवले? इंटेलने प्रेस्कॉट जातीच्या तापट पेंटियम ४ च्या काळात कॅबिनेटसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात बाहेरची खोली ३५ अंश आणि प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी हवा ३८ अंशांच्या आत असावी असे धरले होते. त्या काळातल्या कॅबिनेटांच्या डाव्या दारावर आतून नरसाळ्यासारखी प्लास्टिकची नळी दिसते, ती त्याचसाठी : बाहेरची ताजी हवा थेट पंख्याच्या तोंडात. चंद्रपूर, अकोला किंवा नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो, आणि तिथे 'कूलर' म्हटले की लोकांना खिडकीतला वाळ्याचा कूलर आठवतो, पीसीतला नाही. पत्र्याखालच्या सायबर कॅफेची खोली ४२ अंशांवर गेली की कॅबिनेटच्या आत ४९-५० सहज होते. मग ई८४०० ची गरज ०.५ वरून ०.३६ वर येते आणि आय५-२४०० ची ०.२५ वर. म्हणजे पुण्यात अगदी पुरेसा असलेला कूलर विदर्भात उन्हाळ्याचे दोन महिने तोकडा पडतो, आणि तिथे एक पायरी मोठा घेणे उधळेपणाचे नाही. आक्षेप मान्य आहे; फक्त त्याची व्याप्ती ओळखावी. हा हिशेब प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबत असतानाचा आहे. टॅली, ब्राउझर आणि जीएसटीचे पोर्टल चालवणारे यंत्र दिवसातला बराचसा वेळ त्या ताकदीच्या निम्म्यानेही काम करत नाही. आणि कोणताही पंख्याचा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही, तो कितीही महाग असला तरी. खोलीत हवा खेळती करणे आणि कॅबिनेटमागे वीतभर जागा सोडणे, यांनी कमी होणारे अंश कूलर बदलून होणाऱ्या अंशांपेक्षा अनेकदा जास्त भरतात.

आता निदान. खरेदीआधी पंधरा मिनिटे खर्चून तापमान दाखवणारा कुठलाही मोफत प्रोग्राम चालवावा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकावा आणि आकडा किती वेगाने चढतो याकडे पाहावे. किती चढला यापेक्षा किती वेगाने, हे जास्त बोलके असते. समजा कूलरमध्ये चारशे ग्रॅम ॲल्युमिनियम आहे. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला साधारण ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे सबंध ठोकळ्याला ३६०. पंखा पूर्ण बंद आहे असे धरले तरी ९५ वॅटचा प्रोसेसर त्याला दर चार सेकंदांना एक अंश तापवू शकेल. मग भार टाकताच दोन सेकंदांत आकडा ४५ वरून ९५ वर उडाला, तर ती उष्णता ठोकळ्यात पोचलेलीच नाही, ती प्रोसेसरच्या डोक्यावर अडकली आहे. दहा-पंधरा अंशांची उडी स्वाभाविक असते, पन्नासाची नसते. अशा वेळी दोष सांध्याचा : पेस्ट सुकली आहे किंवा एखादा पाय सुटला आहे. उलट आकडा पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत गेला आणि भार काढल्यावर तितक्याच सावकाश उतरला, तर सांधा ठीक आहे; हवा खेळत नाही, म्हणजे धूळ किंवा पंखा. बोटाची खूण याच निष्कर्षाला दुजोरा देते. पडद्यावर ९५ अंश आणि हीटसिंक, म्हणजे तो पात्यांचा ठोकळा, कोमट, तर पेस्ट. पडद्यावर ९५ आणि हीटसिंकला बोट ठेववत नाही, तर हवा. या दोन्ही रोगांवर नव्या कूलरची गरज नाही, हे लक्षात येताच दुकानाच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात.

नव्या कूलरने यंत्र सुधारले असा पुष्कळांचा अनुभव असतो, आणि तो खोटा नसतो. फक्त त्याचे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होते. नवा कूलर बसवताना जुनी पेस्ट पुसली जाते, नवी लागते, पंखा नवा येतो, धूळ निघते आणि चारही पाय नीट बसतात. हे सगळे जुन्याच ठोकळ्यावर केले असते तर सुधारणेचा मोठा वाटा तिथेच मिळाला असता. पेस्टचे उदाहरण घ्या. पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकोनच्या तेलात कालवलेली झिंक ऑक्साइड किंवा तत्सम पदार्थाची पूड. तिचे काम उष्णता वाहण्यापेक्षा हवा हाकलण्याचे. तांबे दर मीटर दर अंश सुमारे ४०० वॅट वाहून नेते, ॲल्युमिनियम दोनशेच्या वर, चांगली पेस्ट पाच ते दहा, आणि हवा ०.०२५ च्या आसपास. दहा वर्षे रोज तापून-निवून पेस्टमधले तेल कडेला सरकते आणि मध्ये उरते ती खडूसारखी कोरडी खपली. तिच्या भेगांत हवा शिरते, आणि वर कितीही तांबे रचले तरी या केसाएवढ्या थराशी सगळे अडते. दोन-तीनशे रुपयांची पेस्टची सिरिंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा, एवढ्यावर हा विषय संपतो. पंख्याचेही तसेच. त्याची गर्रगर्र बेअरिंगमधल्या सुकलेल्या तेलाची असते. स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडणारे कारागीर आहेत. तो उपाय काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. पंखाच बदलणे बरे. चार तारांचा घेतला तर चौथ्या तारेवरून बोर्ड त्याचा वेग कमीजास्त करू शकतो. तीन तारांचा पंखा चार खिळ्यांच्या जागीही बसतो, पण पुष्कळ जुन्या बोर्डांवर तो कायम पूर्ण वेगाने धावतो आणि मग 'नवा पंखा आवाज करतो' अशी तक्रार येते. धुळीबद्दल एकच सांगायचे : ती पात्यांच्या वर दिसते त्यापेक्षा पंखा आणि पाती यांच्या मधोमध नमद्यासारखी साचते, आणि पंखा सोडवल्याशिवाय नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

तरीही कूलर बदलावा लागतो अशा वेळा आहेत. चार पायांपैकी एखादा मोडतो, पंख्याची मूळ चौकट फुटते आणि तिच्या मापाचा सुटा पंखा मिळत नाही, प्रोसेसर जास्त वॅटचा बसवलेला असतो, किंवा जुने यंत्र घेतानाच कूलर नसतो. इथून पुढे शक्तीपेक्षा मापे महत्त्वाची, आणि पहिले माप म्हणजे बोर्डावरच्या चार भोकांमधले अंतर. २००४ साली आलेल्या इंटेलच्या ७७५ सॉकेटभोवती ही भोके ७२ मिलिमीटरच्या चौरसात असतात. २००९ च्या ११५६ पासून ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० च्या १२०० पर्यंत चौरस ७५ चा. १३६६ चा ८० चा, आणि २०२१ च्या १७०० चा ७८ चा. आता ७७५ चा मूळचा गोल कूलर आणि ११५५ चा मूळचा गोल कूलर शेजारीशेजारी ठेवा. जुळे भाऊ वाटतील. तोच काळा पंखा, तशीच फुलासारखी उलगडलेली पाती, त्याच पांढऱ्या-काळ्या पिना. पण फरक तीन मिलिमीटरचा आहे, आणि या तीन मिलिमीटरांपायी जुन्या बाजारात रोज चुकीची वस्तू विकली जाते. बळजबरीने बसवलेला कूलर तिरपा बसतो, दोन पिना अडकतात, दोन तरंगतात, आणि वर सांगितलेली पन्नास अंशांची उडी हमखास दिसते. या मापांत एक मोठी सोयही दडलेली आहे : ११५६ ते १२०० हे सगळे सॉकेट एकाच मापाचे, त्यामुळे अकरा वर्षांतल्या कुठल्याही यंत्रातला कूलर दुसऱ्यात चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, किंवा पुण्यात बुधवार पेठेत काढलेल्या कूलरांचा ढीग दिसला तर त्यातला तळाशी तांब्याची चकती असलेला, ७५ मिलिमीटरचा आणि चारही पाय शाबूत असलेला उचलावा. तो मुळात ९५ वॅटसाठी घडवलेला असतो. ६५ वॅटच्या आय३ वर तो ऐटीत राहतो. किमतीच्या मानाने याहून चांगली खरेदी या सबंध आढाव्यात दुसरी नाही.

एएमडीची कथा निराळी आणि बरीच सुखाची. एएम२ पासून एएम३+ आणि एफएम२+ पर्यंत सॉकेटच्या दोन बाजूंना प्लास्टिकची चौकट आणि तिला आकडे असतात. कूलरची पट्टी त्यांत अडकवली की झाले. एएम४ ने भोकांची मापे ४८ बाय ९६ वरून ५४ बाय ९० केली, पण चौकटीचे आकडे कायम ठेवले, त्यामुळे आकड्यांत अडकणारा कूलर दोन्हीकडे चालतो. एक खाचखळगा आहे. एएमडीच्याच रेथ मालिकेतला प्रिझम आकड्यांचा आहे, तर स्टेल्थ थेट चार स्क्रूंनी बसतो. म्हणजे नव्या रायझनबरोबर आलेला आणि न वापरलेला स्टेल्थ स्वस्तात मिळाला तरी एएम३+ च्या यंत्राला उपयोगाचा नाही. कूलर काढतानाही एएमडीवर जपावे लागते. प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना हलकेच धरतो. सुकलेली पेस्ट गोंदासारखी चिकटलेली असली की सरळ वर ओढताच कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, चार-दोन पिना वाकवून. यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करावे, आणि कूलर उचलण्याआधी डावी-उजवीकडे हलकेच पिळावा. भरलेली बरणी उघडताना झाकण पिळतो तसा.

ब्रँडेड यंत्रांची गोष्ट थोडक्यात, पण गंभीर आहे. बँका आणि आयटी कंपन्यांनी मोडीत काढलेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी कॉम्पॅक किंवा लेनोवो थिंकसेंटर हजारोंनी रिफर्बिश होऊन विकली जातात, आणि त्यांचे सॉकेट जरी नेहमीचे असले तरी कूलर नेहमीचे नसतात. काहींत स्क्रू थेट कॅबिनेटच्या पत्र्यातल्या दट्ट्यांत जातात, काहींत पंख्याचा कनेक्टर वेगळा, काहींत हवा नेणारा प्लास्टिकचा बोगदा. बाहेरचा पंखा लावला तर चालू करताना पंख्याच्या चुकीचा संदेश येतो आणि यंत्र एखादी कळ दाबण्याची वाट पाहत थांबते. बारीक चणीच्या मॉडेलांत उंचीही अगदी कमी. अशा यंत्रासाठी त्याच मॉडेलचा मूळ सुटा भाग शोधणे हाच शहाणपणा, आणि ही मॉडेले एवढ्या संख्येने फिरत आहेत की तो मिळतोही.

मापांमधले दुसरे माप उंचीचे. बाजारात वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या कूलर मास्टर हायपर २१२ सारख्या टॉवर कूलरांची उंची १६० मिलिमीटरच्या घरात जाते. पुष्कळ जुन्या कॅबिनेटांची एकूण रुंदीच १८० च्या आसपास असते, आणि त्यातून बोर्डाखालचे दट्टे, बोर्डाची जाडी व सॉकेट वजा केले की दार लागत नाही. ते नरसाळे असेल तर प्रश्नच मिटला. शिवाय असा कूलर अर्धा किलोच्या वर भरतो, म्हणून तो बोर्डामागे लोखंडी पाटी लावून स्क्रूने आवळावा लागतो. नव्या कॅबिनेटांत त्या जागी मागचा पत्रा कापलेला असतो. जुन्यांत नसतो, म्हणजे अख्खा बोर्ड बाहेर. दहा वर्षे जागचे न हललेले कनेक्टर उपटायचे आणि ठिसूळ झालेल्या तारा वाकवायच्या, ही जोखीम कूलरच्या किमतीत कोणी धरत नाही. जुन्या यंत्राची बरीच नवी दुखणी अशा दुरुस्तीतूनच सुरू होतात.

तिसरी बाब वाऱ्याच्या दिशेची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. टॉवर कूलर वारा बोर्डाला समांतर, मागच्या जाळीकडे फेकतो. जुना गोल कूलर वारा खाली, बोर्डावर आपटतो. प्रोसेसरपुरते बोलायचे तर टॉवर सरस. पण सॉकेटच्या भोवती प्रोसेसरला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर आणि उभे, डब्यासारखे कपॅसिटर असतात, आणि २००६-२०१२ च्या स्वस्त बोर्डांवर त्यांना स्वतःचे हीटसिंक नसतात. त्यांच्या वाट्याला येणारा वारा म्हणजे या गोल कूलरचा उष्टा वारा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरबाबत अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. टॉवर लावून प्रोसेसर पंधरा अंश थंड केला आणि शेजारचे कपॅसिटर दहा अंश तापवले, तर कोणाचे भले झाले? प्रोसेसर तसाही क्वचितच मरतो. जुना पीसी मरतो तो बोर्डामुळे. १२५ वॅटचा एएमडी एफएक्स-८३५० साध्या बोर्डावर चालवणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. टॉवर लावायचाच तर मागच्या जाळीला पंखा हवा, आणि शक्य असल्यास बोर्डाकडे तोंड केलेला एक लहान पंखाही.

आता उरलेले आक्षेप. मोठा कूलर शांत असतो, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. १२० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. ज्याला रात्री शांततेत लिहायचे-वाचायचे आहे, ज्याचे कॅबिनेट रुंद आहे आणि बोर्ड बाहेर काढायची तयारी आहे, त्याने तो जरूर घ्यावा. शांततेसाठी घेतो आहोत एवढे मात्र स्वतःशी स्पष्ट असावे. दुसरा युक्तिवाद : आज चांगला कूलर घेतला तर उद्याच्या नव्या यंत्रातही चालेल. नॉक्टुआसारखी एखादी कंपनी नव्या सॉकेटची जोडणी पुरवते म्हणून हे काही अंशी खरे, पण १७०० च्या सॉकेटची भोकेही वेगळी आणि प्रोसेसरची उंचीही कमी. जोडणी नसेल तर जुना कूलर तिथे नुसता ठेवता येतो, दाबता येत नाही. उलट दिशेनेही दारे बंद होत चालली आहेत, कारण अनेक नव्या कूलरांच्या खोक्यात ७७५ ची जोडणी आता येतच नाही. पाण्याच्या बंद कूलरबद्दल एकच वाक्य पुरे : ज्या यंत्रात कमीत कमी हलणारे भाग हवेत, तिथे एक पंप जास्त कशाला? आणि उष्णतानळीच्या कूलरातही पाणी असतेच. तांब्याच्या हवाबंद नळीत थोडेसे पाणी, तेही कमी दाबाखाली. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला ती पुन्हा पाणी होऊन आतल्या जाळीतून परत येते. माठ ज्या गुणाने पाणी गार ठेवतो त्याचाच हा बंदिस्त अवतार, पंपाशिवाय.

एक मर्यादा अशी आहे की तिच्यापुढे कोणताही कूलर हात टेकतो. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपर्यंत बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत सिलिकॉनची चकती आणि वरचे धातूचे झाकण डाखाने जोडले होते. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून डाख जाऊन तिथे पेस्ट आली, आणि हॅसवेलमध्येही तीच राहिली. म्हणून आय७-३७७० किंवा आय७-४७९० वर खूप मोठा कूलर लावूनही आतल्या चकतीचा आकडा अपेक्षेइतका उतरत नाही. अडथळा झाकणाच्या आत आहे. झाकण कापून आतली पेस्ट बदलणारे हौशी आहेत आणि त्यांना दहा-वीस अंशांचा लाभ झाल्याची उदाहरणेही आहेत, पण घरातल्या एकुलत्या एक पीसीवर करायचा हा प्रयोग नव्हे. त्यापेक्षा हे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करून स्वतःला सांभाळतात, यावर भरवसा ठेवावा. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने कूलर चालू यंत्रावरून काढून घेतल्याची जी चित्रफीत गाजवली, तिच्यात ॲथलॉन जळाला आणि पेंटियम ४ नुसता मंदावला. तिथून पुढे हे संरक्षण सगळ्यांनीच गृहीत धरले. उन्हाळ्यात पीसी 'स्लो' होतो तेव्हा बरेचदा व्हायरस नसतो, हे संरक्षण काम करत असते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत कठोर : इतक्या जुन्या यंत्रावर खर्चच का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. या आक्षेपाचे वजन आहे, पण ते महागड्या कूलरच्या विरोधात पडते, पेस्ट आणि पंख्याच्या विरोधात नाही. लिनक्स टाकून मुलांच्या अभ्यासाला, वाचनालयाच्या नोंदींना किंवा दुकानाच्या बिलांना ही यंत्रे अजून काही वर्षे चालतील, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका वेळच्या हॉटेलच्या जेवणाएवढा आहे.

बसवताना बोर्डाच्या मागची बाजू दिसत असेल तर फार बरे. इंटेलच्या पिनेचे दोन भाग असतात : बाहेरचा चिरलेला पांढरा पाय आणि त्याच्या पोटात घुसणारा काळा खिळा. डोक्यावरचा बाण हीटसिंककडे वळलेला असेल तर खिळा मोकळा असतो आणि पिन दाबूनही पकडत नाही. म्हणून आधी चारही बाण बाहेरच्या बाजूला फिरवून घ्यायचे, मग समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबायच्या, 'टक्' ऐकू आले की उरलेल्या दोन. त्यानंतर बोर्ड उलटा करून प्रत्येक भोकातून पांढऱ्या पायाच्या दोन फाका फाकलेल्या आणि त्यांच्या मधोमध काळ्या खिळ्याचे टोक बाहेर आलेले दिसते का, ते टॉर्च मारून पाहायचे. तीन ठिकाणी दिसले आणि चौथ्या ठिकाणी नुसता पांढरा पाय असला, तर पेस्ट पुसून पहिल्यापासून.